भामा आणि मेंढरांचा ताप

भामाला हळू बोलता यायचं नाही. वर्गात, मेसमध्ये, लायब्ररीत, कुठंही तिनं तोंड उघडलं की समोरच्या डोंगरावर कुणीतरी उभं आहे आणि त्याला ऐकू गेलं पाहिजे, असा तिचा सूर असे. बीडच्या आमच्या हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात रेक्टरबाईंनी तिला बोलावून घेतलं. भामा मनापासून वाईट वाटून म्हणाली की मी मुद्दाम नाही करत, आमच्याकडं हळू बोललं तर मेंढरं ऐकत नाहीत. रेक्टरबाईंनी तिला तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली दिली, आणि त्या खोलीत दुसरी खाट माझी होती.

मी कडा गावची. माझे वडील साखर कारखान्यात नोकरीला, त्यामुळे मेंढरं मी पाहिली होती ती रस्ता अडवून उभी राहणारी, एवढीच. भामा धारूरची, म्हणजे धारूरपासून घाट उतरताना डाव्या हाताला जी चार-सहा घरांची वस्ती लागते तिथली. तिचं पूर्ण नाव सत्यभामा. वडिलांना ती आबा म्हणायची, चुलत्यांना तात्या. दोघा भावांचा मिळून मेंढरांचा एक कळप होता, त्यात चार-दोन शेळ्या, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. तिला खरं तर जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. मार्क थोडे कमी पडले. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं आणि तेच धरून ती एमएस्सीपर्यंत आली.

इंग्रजी तिला जड जायचं. सगळी पुस्तकं इंग्रजीत. ती गच्चीवर येरझाऱ्या घालत पानंच्या पानं पाठ करायची. जंतूंची लांबलचक नावं ती अशी घ्यायची, जणू ती तालुक्यातल्या कुणाकुणाची आडनावं आहेत. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की तिला कुठल्याच भाषेची गरज पडायची नाही. पहिल्या प्रॅक्टिकलला आम्ही सगळ्या पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघत बसलो होतो. भामानं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे वाघरीत बसलेत." वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायला लावतात ती जाळी. घोळका करून राहणारे जंतू तिला वाघरीतले वाटले, आणि माळेसारखे एकामागं एक असणारे दिसले की ती म्हणायची, हे घाटातून चाललेत. आमच्या शेख मॅडमना हे इतकं आवडलं की पुढं त्या स्वतःच वर्गात विचारायच्या, सांगा, वाघर की घाट?

आणखी एक सवय होती. आम्ही मैत्रिणी कुठंही निघालो की भामा सगळ्यांत मागं थांबायची आणि ओठ हलवत आम्हाला मोजायची. एसटी स्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानापाशी, अगदी परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडतानासुद्धा. मोजणी जुळली की मगच पाय उचलायची. आम्ही हसायचो, तीही हसायची, पण पुढच्या वेळी पुन्हा मोजायची.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "दिसत न्हाई म्हणून न्हाई, असं थोडंच असतंय?" मेसच्या पाण्याबद्दल तक्रार करताना ती हे म्हणायची, तेव्हा ते अभ्यासातलं वाटायचं. पण शेजारच्या खोलीतल्या एका मुलीचं लग्न ठरून मोडलं आणि ती चार दिवस सगळ्यांशी हसतखेळत वागत राहिली, तेव्हाही भामानं मला हेच वाक्य म्हटलं, आणि उठून तिच्या खोलीत जाऊन बसली. नुसती तिच्या खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिली. संध्याकाळी ती मुलगी भामाच्या मांडीवर डोकं ठेवून मोकळेपणानं रडली.

दुसऱ्या वर्षाला शेख मॅडम रोगजंतूंचा भाग शिकवायला लागल्या. एक दिवस त्यांनी एका तापाची माहिती सांगायला सुरुवात केली. संध्याकाळी चढतो, अंग घामानं भिजतं, सकाळी उतरतो. काही आठवडे बरं वाटतं, मग पुन्हा येतो. कंबर आणि सांधे धरतात. टायफॉइड समजून, मलेरिया समजून उपचार होत राहतात. हा जंतू शेळ्या-मेंढ्यांत असतो, त्यामुळे त्या गाभ टाकतात. त्या मेलेल्या पिल्लाला, वारेला हात लावला, किंवा कच्चं दूध प्यालं, की तो माणसात येतो. जंतूचं नाव ब्रुसेला.

भामानं लिहायचं थांबवलं होतं. ती उभी राहिली.

"मॅडम, हे माझे आबा हायत."

वर्ग हसला. मग तिचा चेहरा दिसला तसं हसू थांबलं.

आबांचा ताप तेव्हा दोन पावसाळ्यांचा जुना होता. धारूरच्या, केजच्या, बीडच्या दवाखान्यांतून ते फिरले होते. डॉक्टर वाईट नव्हते. जो तो आपापल्या परीनं बघायचा, गोळ्या लिहून द्यायचा, ताप उतरायचा आणि सगळे सुटल्यासारखे घरी जायचे. आणि त्या दोन वर्षांत कळपातल्या मेंढ्या एकामागून एक गाभ टाकत होत्या. आबा हात घालून अडलेलं पिल्लू ओढायचे, मेलेलं असलं की खड्ड्यात टाकायचे आणि लुगड्याच्या फडक्याला हात पुसून भाकरी खायला बसायचे. आयुष्यभर तसंच केलं होतं, त्यांच्या बापानंही तसंच केलं होतं. या दोन गोष्टी एकच आहेत, असं कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. भामाच्याही आलं नव्हतं, आणि याचंच तिला लागून राहिलं. मी मायक्रो शिकतेय आणि मला वर्गात बसून कळलं, असं ती परत परत म्हणत राहिली.

त्याच आठवड्यात ती आबांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली आणि तिनं स्वतःच तपासणीचं नाव सांगितलं. निघालं तेच. सहा आठवड्यांच्या गोळ्या लिहून मिळाल्या. एकही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

मग तिनं प्रबंधासाठी हाच विषय घेतला. शेख मॅडमनी ओळखी काढून परभणीहून तपासणीच्या गुलाबी द्रावणाची बाटली मिळवली. रक्त काढायला तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर यायला तयार झाले. आणि सोबतीला मी गेले.

वस्तीवर पोचलो तेव्हा आबा लिंबाखाली खाटेवर पडून होते. उंच माणूस, पण कमरेत वाकल्यामुळं बसले की घडी घातल्यासारखे दिसायचे. मला म्हणाले, कड्याची हायस म्हणजे साखरंतली हायस, आमच्याकडं सगळं आळणी लागंल तुला. भामाच्या आईनं शेळीची धार काढून पितळी पेला माझ्या हातात दिला. दूध कोमट होतं, वर फेस होता. मी ओठाला लावणार तेवढ्यात भामानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि चुलीवरच्या पातेल्यात ओतला.

तिच्या आईचा चेहरा उतरला. "पाव्हणीसमोर असं करतेत का? आमच्या दुधाला काय झालंय?"

भामा तिला समजावू लागली. पण त्या माउलीला एवढंच दिसलं, की शिकून आलेली लेक घरच्या दुधाला नावं ठेवतेय. ती चुलीपुढं पाठ करून बसली. दूध उतू गेलं तरी हलली नाही.

रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून आम्ही एसटीनं बीडला आलो. कंडक्टरनं विचारलं, डब्यात कुल्फी हाय का. भामानं खरं ते सांगितलं. पुढच्या स्टॉपला आमच्या शेजारची बाई उठून मागं जाऊन बसली. भामा त्या दिवशी शेवटची हसली ती तिथं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आम्ही तिघी होतो. तपासणी सोपी असते. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब आणि गुलाबी द्रावणाचा एक थेंब, काडीनं ढवळायचं आणि फरशी हळूहळू हलवत राहायचं. थेंब गुळगुळीत राहिला तर काही नाही. त्यात दाणे दिसले, तर रोग आहे. नळ्यांवर आकडे घातले होते, पण भामा आकडा वाचायचीच नाही. ती नाव घ्यायची. ही काळतोंडी. ही बुचकी, हिचे कान आखूड. ही आबाची लाडकी, हाकेला येते ती.

काळतोंडीचा थेंब गुळगुळीत राहिला. बुचकीच्या थेंबात दाणे आले, नासलेल्या दुधासारखे. पुढच्यात आले. त्याच्या पुढच्यात आले. दुपार सरेपर्यंत निम्म्याहून जास्त कळप त्या फरशीवर नासून पडला होता. भामा नावं घेत राहिली आणि तिचा आवाज उतरत गेला. शेवटची नावं तर मला ऐकूच आली नाहीत. मॅडमनी तिला पाणी दिलं. तिनं ते प्यायलं, फरशा जंतुनाशकात बुडवल्या, कोपरापर्यंत हात धुतले, आणि स्टूलवर बसून मॅडमना विचारलं, की आता काय करायचं असतं.

मॅडमनी सांगितलं ते पुस्तकातलंच होतं. माणसाला औषध आहे. मेंढरांना औषध देऊन उपयोग होत नाही. रोगी जनावरं वेगळी काढायची आणि मारून पुरायची.

भामा घरी गेली. तिथं जे झालं ते तिनंच मला आल्यावर सांगितलं. अंगणात सगळे बसले होते. तात्यांना तिनं नीट समजावलं. तात्या म्हणजे अडाणी, हेकट असा माणूस नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की असं असंल तर बाजारात नेऊन इकून टाकू.

"इकू नका तात्या. ज्याच्या दारात जातील त्याच्या घरात ह्यो ताप जाईल."

"मंग काय करू? तू सांग. तू शिकलीस, तू सांगशील तसं करतो."

ते तिला टोमणा मारत नव्हते. खरोखर विचारत होते. आबा खाटेवरून बघत होते, आई दारात उभी होती, आणि मेंढरं वाघरीत रवंथ करत बसली होती. पुरा, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तिच्यानं म्हणवलं नाही. वेगळी काढा म्हणाली. तर वेगळी कुठं ठेवू, जागा दाखव, असं तात्या म्हणाले. एकच वाघर, एकच पाणवठा, एकच डोंगर. सरकारातून काही भरपाई मिळते का, म्हणून ती जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आली होती. त्यांनी कळकळीनं सांगितलं होतं, की असं काही असलं तर त्यांना माहीत नाही. वर अर्ज करून बघतो म्हणाले. त्यांनी तो केलाही. उत्तर आलं नाही.

"मला पुरा म्हणता आलं न्हाई गं," ती मला म्हणाली. "आन् इका म्हणायचं न्हवतं. मंग मी गप बसले."

तात्यांनी कळप बाजारात नेला. भामाही गेली. तात्यांनी तिला अडवलं नाही. त्यांना वाटलं, पोरीला शेवटचं बघायचं असेल. एक म्हातारी नातवंडांना दुधाला म्हणून शेळी घ्यायला आली होती. तिनं एकीच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले. भामा तिच्या कानाशी लागून म्हणाली, की आजी, ही नका घेऊ, हिला रोग हाय, दूध घेतलंच तर उकळल्याबिगर लेकरांना देऊ नका. म्हातारीनं तिच्याकडं निरखून पाहिलं. तिला वाटलं, पोरीला ही चांगली शेळी घरात ठेवायची आहे. तरी ती भली बाई होती. बरं बाई, ऱ्हाऊ दे तुझी, असं म्हणत तिनं शेजारची शेळी निवडली. त्या शेळीच्या थेंबातही दाणे होते. भामा दुसऱ्यांदा बोलायला गेली तोवर म्हातारीनं दोर हातात घेतला होता आणि तात्यांनी भामाकडं अशा नजरेनं पाहिलं होतं, की ती मागं सरली. रागाची नजर नव्हती ती. फार दमलेल्या माणसाची होती.

ती म्हातारी कुठल्या गावची, हे विचारायचं राहिलं. हॉस्टेलवर नंतर कितीतरी दिवस भामा मध्येच थांबून म्हणायची, तिनं दूध उकळलं असंल का गं?

आबांनी गोळ्या तीन-चार आठवडे घेतल्या. ताप गेला, भूक लागायला लागली, तसा त्यांनी गोळ्यांचा डबा वळचणीला खोचून ठेवला. भामा फोनवर रोज विचारायची आणि ते रोज घेतल्या म्हणायचे. दिवाळीच्या आसपास ताप परत आला. पुन्हा सुरुवातीपासून औषध झालं आणि या वेळी सुट्टी काढून भामानं स्वतः ते दिलं, गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावून. ताप गेला. पण मणक्यात जे व्हायचं होतं ते होऊन गेलं होतं. आबा सरळ उभे राहिले नाहीत.

परीक्षेला बाहेरून आलेले सर प्रबंध चाळून खूश झाले. काम चांगलं आहे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, की तुमची शिफारस काय? अशा कळपाचं काय करावं? दाराच्या काचेतून आम्हाला भामा दिसत होती, बोलणंही ऐकू येत होतं. तिनं टेबलाकडं बघत पाठ केलेलं इंग्रजी वाक्य न अडखळता म्हटलं, तपासा आणि मारा अशा अर्थाचं. सरांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर आम्ही विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, "बरूबर उत्तर दिलं," आणि पिशवी उचलून चालू लागली. त्या दिवशी तिनं आम्हाला मोजलं नाही.

तिला पहिला वर्ग मिळाला. मी पुण्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. तिलाही तिथं बोलावलं होतं, मुलाखत चांगली झाली होती. ती आली नाही. आबा कळपामागं जाऊ शकत नव्हते आणि तात्या एकटे पडले होते. कळप पुन्हा उभा राहिला होता. विकलेल्या मेंढरांच्या पैशातून तात्यांनी दुसरी आणली होती, त्याच बाजारातून. दुसरा बाजार जवळपास नव्हता. भामा धारूरला सकाळी ज्युनिअर कॉलेजात तासावर शिकवायची आणि दुपारी डोंगर चढायची. फोन कमी होत गेले. आमच्या दोघींत भांडण असं काही झालं नाही. एकदा मी विचारलं, नवीन मेंढरं तपासलीस का? ती म्हणाली, की तपासून काय करू, ते तू मला सांग, मग तपासते. तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

मागच्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नाला धारूरला गेले होते. परतताना घाटाच्या वळणावर रस्त्याच्या कडेला मेंढरं दिसली आणि त्यांच्याजवळ दगडावर काठी आडवी घेऊन बसलेले आबा दिसले. मी जीप थांबवायला लावली. आबांनी मला ओळखलं, घरच्यांची चौकशी केली, आणि हातानं खालच्या उताराकडं दाखवलं.

भामा तिथं एका खड्ड्यापाशी वाकली होती. दोन्ही हातांना दंडापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशव्या दोऱ्यानं बांधलेल्या, तोंडाला ओढणी. सकाळी एक मेंढी गाभडली होती, ते मेलेलं पिल्लू खड्ड्यात होतं. जमीन सगळी मुरमाड, पहारीनं किती वेळ खणलं असेल कोण जाणे. खड्ड्यात ती चुना टाकत होती. मी उतरायला लागले तशी तिनं मान वर केली.

"तिथंच थांब," ती म्हणाली. "जवळ येऊ नको."

मी थांबले. ती डोळ्यांनी हसली असं मला वाटलं, ओढणीमुळं नीट कळलं नाही. लग्न कुणाचं होतं, जेवण काय होतं, पुण्याला कधी परत, एवढं तिनं विचारलं. मी पोटुशी होते, ते तिला दिसलं. बोलत बोलत ती खड्ड्याच्या पलीकडच्या अंगाला गेली, म्हणजे वारा माझ्याकडून तिच्याकडं राहील अशी. मग म्हणाली, की जा आता, ह्या वाऱ्याचा काही भरवसा न्हाई, आन् घरी गेल्यावर साबणानं हात धू, तू कशाला हात लावला नसलास तरी.

मला पुष्कळ बोलायचं होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. वर येऊन मी आबांना नमस्कार केला आणि जीपमध्ये बसले.

वळण यायच्या आत मी मागं वळून पाहिलं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून भामा त्या खड्ड्यावर दगड रचत होती. तळव्यांना लागलेलं दगडांना लागू नये म्हणून ती मोठा धोंडा मनगटांच्या मध्ये धरून उचलत होती. एक निसटला. ती थांबली, खाली बसली, आणि तो पुन्हा उचलायला लागली.